मोबाईल लावूनच भरवायचं असेल तर दोन वर्षांच्या पोराला हॉटेलात नेता कशाला?

चिमटाभर_मीठ
परवा रात्री बाहेर जेवायला गेलो होतो, मी, नवरा आणि आमचं एक वर्ष दहा महिन्यांचं कन्यारत्न. शेजारच्या टेबलावर साधारण तिच्याच वयाचा मुलगा. तो बसल्या बसल्या त्याच्यासमोर पाण्याच्या जगला टेकवून मोबाईल उभा केला, गाणी सुरू, आवाज फुल्ल. मग आई दर मिनिटाला चमचा तोंडाशी नेते, हा न बघता आ करतो, घास आत, तोंड बंद. एकदा ती नवऱ्याशी बोलता बोलता रिकामाच चमचा घेऊन गेली, तर त्याने तोही तोंडात घेतला, चावला आणि गिळला! शपथेवर सांगते, चावला. मला हसू पण आलं आणि पोटात कसंतरी पण झालं.

आमच्या बयेने अर्थातच उच्छाद मांडला. दोन चमचे खाली, एक ग्लास आडवा, मागच्या टेबलावरच्या आजोबांना पंधरा वेळा टाटा आणि जेवण येईपर्यंत भोकाड. नवरा तिला घेऊन बाहेर फेऱ्या मारायला गेला, माझं झाल्यावर मी गेले, तो गार झालेलं जेवला. निघताना शेजारची ती आई अगदी प्रेमाने म्हणाली, "अहो मोबाईल द्यायचा ना, कशाला एवढा त्रास करून घेता." म्हणजे चुकलं आमचंच!

तर माझं मत. मुलांना हॉटेलात न्यावं, लोकांनी आठ्या घातल्या तरी न्यावं, कारण चार लोकांत कसं बसायचं हे घरी बसून येत नाही. पण स्क्रीन लावून गप्प करायचं असेल तर नेऊ नका. तो मुलगा हॉटेलात आलाच नव्हता, त्याचं फक्त तोंड आलं होतं.

जागरण_बाबा
साफ असहमत. ताई, तुमच्याकडे फेऱ्या मारायला नवरा होता. माझी बायको आठवड्यातले चार दिवस कामासाठी बाहेरगावी असते, मी आणि सव्वादोन वर्षांचा मुलगा दोघंच. आठवड्यातून एकदा मला कुणीतरी दुसऱ्याने शिजवलेलं आणि मुख्य म्हणजे गरम जेवण पाहिजे असतं हो, बाकी काही नाही. त्यासाठी वीस मिनिटं मोबाईल देतो. तुम्ही एक रात्र शेजारच्या टेबलावरून बघितलं आणि निकाल देऊन मोकळ्या. ती बाई घरी दिवसभर काय करते, तो मुलगा आजारातून उठलाय का, काही माहिती नाही आपल्याला.

आणि जागतिक आरोग्य संघटनासुद्धा दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापर्यंत स्क्रीन चालेल म्हणते. म्हणजे मी तिच्याहून कडक झालो का?

चिमटाभर_मीठ
२०१९ ची ती मार्गदर्शक सूचना मी पण वाचलीय. एक तास ही वरची मर्यादा आहे, कमी तेवढं बरं असं तिथेच पुढे लिहिलंय, आणि तेही दोन पूर्ण झाल्यावर. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच म्हणतात. तुमचा सव्वादोनचा आहे म्हणून तुम्ही बसता नियमात, मान्य.

पण माझा मुद्दा तासांचा नाहीये. जेवताना आपण काय खातोय, पोट भरलंय का हे मुलाला कळायला नको? घरी आमची बया पोट भरलं की तोंड फिरवते, चमचा ढकलते. स्क्रीनसमोर ते तोंड फिरवणंच बंद होतं. रिकामा चमचा चावतंय पोरगं आणि आपण म्हणायचं वा, किती छान जेवला!

निवांत_कोपरा
मला मूल नाही त्यामुळे आधीच जोडे खायची तयारी ठेवून लिहितोय. मूल रडलं तर मला खरंच काही वाटत नाही, दोन मिनिटं रडतं, कुणीतरी उचलून बाहेर नेतं, संपलं. पण ती मोबाईलची गाणी! एकच गाणं सलग नऊ वेळा, तेही त्या फुटक्या स्पीकरवर. पुढचे दोन दिवस अंघोळ करताना तेच डोक्यात. मुलाला कसला हेडफोन घालणार, मग आवाज बंद करून चित्र दाखवा की राव.

आणि दुसरं, रात्री दहाला एवढं लहान पोर हॉटेलात काय करतंय? त्याची झोपायची वेळ कधीच टळलेली असते, डोळे चोळतंय, कान ओढतंय आणि आईबाप म्हणतात हट्टी झालाय. हट्टी नाही हो, पेंगुळलाय तो. एवढं मला मूल नसूनही कळतं.

चिमटाभर_मीठ
आवाजाबद्दल +१. वेळेबद्दल पण मान्य करते, आम्ही परवा पोचलोच साडेनऊला. ऑफिस, ट्रॅफिक वगैरे कारणं सांगत नाही, चूक आमची.

ट्रे_मॅन
मी हॉटेल लाईनमध्ये आहे, अकरा वर्षं. तर आमच्या बाजूने. खोटं कशाला बोलू, आम्हाला मोबाईलवालं पोरगं आवडतं. एका जागी बसतं. आमचा जीव घाबरतो तो पळणाऱ्या पोराला. दोन्ही हातांवर गरम प्लेटी, छातीसमोर ट्रे, मला माझे स्वतःचे पाय दिसत नसतात आणि तुमचं लेकरू बरोब्बर गुडघ्याच्या उंचीचं. मी एकदा वळता वळता थांबलो आणि सगळं सूप स्वतःच्या हातावर घेतलं. आई म्हणाली, "बाळा, काकांना सॉरी म्हण." बाळ तोपर्यंत दुसऱ्या टेबलाखाली.

त्यामुळे मोबाईल द्या नाहीतर नका देऊ पण खाली सोडू नका. बसायला किचनच्या दाराजवळची आणि रस्त्यातली जागा घेऊ नका, भिंतीकडेचं टेबल मागा, आम्ही देतो, फक्त आल्या आल्या सांगा. हाय चेअर मागितली तर तिचा बेल्ट लावा, नव्वद टक्के लोक लावत नाहीत (हा माझा अंदाज आहे, मोजायला बसलो नाहीये), मग पोरगं त्यात उभं राहतं. बेल्ट तुटका असेल तर दुसरी मागा, लाजू नका.

आणि पोराचं जेवण आधी सांगा. लोक मेनू हातात घेऊन पंधरा मिनिटं गप्पा मारतात, मग सगळ्यांचं एकदम सांगतात, त्यानंतर किचनला वेळ लागणारच. तोपर्यंत पोराचा धीर सुटलेला. बसायच्या आधी सांगा, भैया पोरासाठी एक साधं बिनतिखट काहीतरी लगेच आण. पाच मिनिटात येतं.

सांडलं तर सांडू दे, आमचं कामच आहे. फक्त ओल्या टिश्यूने जमिनीवर रगडू नका, कोरडा भात झाडूने एका मिनिटात जातो, तुम्ही मदत म्हणून चोळला की त्याची खळ होते.

जागरण_बाबा
ट्रे_मॅन भाऊ, दंडवत. खळवाला मीच आहे. दर वेळी.

वॉर्ड_नंबर_सात
नर्स आहे, एरवी वाचून गप्प बसते पण इथे राहवलं नाही. चिमटाभर, तुमचं स्क्रीनबद्दलचं म्हणणं मला पटतं पण कारण वेगळं आहे. स्क्रीनकडे बघणारं मूल नीट चावत नाही आणि आईबाप पण स्वतःच्या ताटात बघत असतात कारण पोरगं शांत आहे ना. घास पूर्ण अडकला तर ते शांतच राहतं, हीच तर भानगड आहे. जोरात खोकतंय, रडतंय तर हवा जातीये, खोकू द्या, तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. खोकला निघत नाही, आवाज नाही, श्वास घेता येत नाही तेव्हा धावा. एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे पाठीत पाच धपके, त्याने नाही निघालं तर बेंबीच्या वर पोटावर पाच झटके, परत पाच धपके, आणि दुसऱ्या कुणाला तरी ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत, त्याची पद्धत वेगळी आहे, ती शिकून घ्या. अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून चार तुकडे करा. अख्खे दाणे, पॉपकॉर्न तर या वयात नाहीच.

आणि गरम कप टेबलाच्या कडेला नको. चहा-कॉफी कपात ओतून पंधरा मिनिटं झाली तरी लहान कातडी भाजू शकते. टेबलक्लॉथ असेल तर तो आधी काढायला सांगा, ओढला की सगळं अंगावर. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

चिमटाभर_मीठ
बापरे. आमच्या टेबलावर क्लॉथ होता आणि ती त्याचं टोक तोंडात घेऊन बसली होती. मी त्याचा फोटो काढला होता, गोड दिसतीये म्हणून.

जागरण_बाबा
ताई, तहाचा प्रस्ताव देतो. त्याचं खाणं होईपर्यंत मोबाईल खिशात, मी भरवणार, तो माझ्या डोळ्यासमोर. त्याचं झालं, तोंड पुसलं, की मग आवाज बंद करून पंधरा मिनिटं त्याला स्क्रीन आणि मला माझं ताट. बोला.

चिमटाभर_मीठ
जेवणानंतर? हम्म. मला अजून आवडत नाहीये पण वाद घालायला मुद्दा सापडत नाहीये. एक वही आणि दोन जाडे खडू नेऊन बघा की आधी. आमच्याकडे चिकटपट्टीचा रोल दिला की ती दहा मिनिटं स्वतःच्या हाताला चिकटवून सोडवत बसते, हे मला अपघाताने कळलं.

जागरण_बाबा
खडू खाल्ला त्याने. निळा. चिकटपट्टी ट्राय करतो.

निवांत_कोपरा
सगळे मिळून संध्याकाळी सातला जाणार असं ठरतंय तर. छान. मी नऊनंतर जात जाईन.

ट्रे_मॅन
सातला या, हॉल रिकामा असतो. नऊला पण या, पण पोराला मांडीवर घेऊन.