सड्यावर (जांभ्या दगडाच्या पठारावर) पावसाळ्यापुरती वई (कुंपण) घालायची आहे, कशी घालू?

सडेकर: नमस्कार मंडळी. गोव्यात पेडण्याकडे आमच्या गावचा सडा कोमुनिदादीचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा आहे. पावसात तिथे सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी सगळी रानफुलं उगवतात. हल्ली गाड्या थेट फुलांवर चढवतात, बघून जीव जळतो. आम्ही पोरांनी ठरवलंय जून ते ऑक्टोबर वई घालायची, पण गुरंवाले काका म्हणतात चराई बंद होणार. शिवाय जांभ्यात खांब रोवायचे कसे?

वाळपईकर: आधी गांवकारांच्या (कोमुनिदादीच्या सभासदांच्या) सभेत विषय ठेवा आणि लेखी घ्या, १९६१ चा कोमुनिदाद कायदा अजून चालू आहे. अर्जात वई काढायची तारीखही टाका, नाहीतर गावात लगेच बोभाटा होतो की कोणीतरी जमीन बळकावतोय, आणि आपल्याकडे जमिनीचं काय काय होतं ते बघता लोकांचं चुकतं असंही नाही.

रानवाट: गुरांना सरसकट अडवू नका हो! ती चरतात म्हणून गवत बुटकं राहतं, बंद केलीत तर गवत माजेल आणि वीतभरसुद्धा नसलेली ती फुलं खाली गुदमरतील. खरा घात चाकांचा. जांभ्यावर माती असते बोटभर, त्यात टायरची चाकोरी पडली की पाणी तिकडूनच वाहून जातं आणि पाणथळ जागा सुकते, मग सीतेची आसवं कुठून येणार? गाड्या शिरतात तेवढ्या वाटेवर चिरे (जांभ्याचे कापलेले दगड) लावा, फक्त पाणथळ तुकड्यांभोवती वई करा. तळीकडे जायची गुरांची वाट मोकळी ठेवा.

मोरजीकर: खड्डे खणूच नका. चिरे रचून त्यात बांबू उभे करायचे आणि सुंभाने आडवे बांबू बांधायचे. खालचा हातभर भाग मोकळा ठेवा, ससे आणि घोरपडी जातात त्यातून. नायलॉनची जाळी अजिबात नको, साप अडकून मरतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली तर जवळपास अंडी आहेत समजा, तिथून लांब सरका. आमच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांना कुंपण घालतात ते पिल्लं बाहेर पडेपर्यंत, साधारण ५० दिवस, मग निघतं. निघताना दिसतं म्हणून लोक कुरकुरत नाहीत.

सडेकर: देव बरे करू सगळ्यांचं. गाड्यांचं डोक्यात होतं पण गवताचं आम्हाला सुचलंच नव्हतं. रविवारी काकांनाच घेऊन सड्यावर जातो, गुरांची वाट ते दाखवतील तिथे खुणा करतो आणि मग अर्ज लिहितो. जुने चिरे फुकट मिळण्यासारखे कुठे असतील तर कळवा.