फर्मेंटरचं तापमान: सेन्सर खरा की पट्टी?

मेलबर्नकर:
घरी बिअर करतोय. गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजात २३ लिटरचा फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचा डबा, ठेवलाय. बिअरचा प्रकार पेल एल, यीस्ट यूएस-०५. टेंपरेचर कंट्रोलरचा सेन्सर फ्रिजात नुसता लोंबकळतोय, सेटिंग १८ अंश. कंट्रोलरवर १७.५ ते १८.५ दिसतं, पण फर्मेंटरला चिकटवलेली तापमान दाखवणारी पट्टी दुसऱ्या दिवशी २२ दाखवत होती. कोणाचं ऐकू? मागच्या बॅचला केळ्यासारखा वास होता आणि घशात स्पिरिटसारखी जळजळ. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

हॉप्या:
पट्टीचं ऐका. खोटं दोघंही बोलत नाहीयेत, पण सेन्सर हवा मोजतोय आणि यीस्ट हवेत राहत नाही. साखर खाताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे जोरात फसफसत असताना बिअर आजूबाजूच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी सहज गरम असते.

सेन्सर फर्मेंटरच्या अंगाला लावा, बिअरच्या पातळीच्या बराच खाली. टेपने घट्ट, आणि वरून बबल रॅपची किंवा फोमची जाडसर घडी. ही घडी बहुतेक लोक टाळतात आणि मग सेन्सर पुन्हा फ्रिजची हवाच मोजत बसतो. झाकणातून आत जाणारी स्टीलची नळी, म्हणजे थर्मोवेल, आणखी अचूक. पण तुमच्या मापाच्या डब्याला टेप पुरते. ते पैसे हॉप्सवर घाला.

कंट्रोलरचा फरक, म्हणजे सेटिंगपासून किती ढळल्यावर तो फ्रिज किंवा हीटर चालू करतो ते, अर्धा ते एक अंश ठेवा; कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा चालू व्हायला निदान पाच मिनिटांचा डिले. फरक फार कमी ठेवलात तर बिअर थंड व्हायच्या आत हवा गारठते, कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही बिअर खाली घसरत राहते, मग हीटर लागतो, आणि दोघांची रात्रभर जुंपते.

वास आणि जळजळ, दोन्हीचा संबंध आहे. केळ्याचा वास देणारे एस्टर आणि जळजळ करणारी फ्यूजल अल्कोहोल प्रामुख्याने पहिल्या दोन-तीन दिवसांत, यीस्ट वाढत असताना तयार होतात. तेवढे दिवस १८ला धरून ठेवा. फसफस ओसरली की २०-२१पर्यंत चढू द्या, म्हणजे लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल यीस्टच साफ करतं. शेवटपर्यंत १८चा हट्ट धरणारे मला कळत नाहीत.

कोथरूडचा_बाळ्या:
पुण्यातून नुसतं वाचतोय. इथे विनापरवाना घरी बिअर केली तर १९४९च्या दारूबंदी कायद्याशी गाठ! पण फ्रिजच नसेल तर काय करतात हो?

हॉप्या:
टबात पाणी, त्यात फर्मेंटर, अंगावर ओला टी-शर्ट, समोर पंखा. आपला माठच की. शिवाय बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. मेलबर्नच्या कोरड्या उन्हाळ्यात जमतं. आमच्या ह्यूस्टनच्या दमट जुलैत टी-शर्ट वाळतच नाही, सगळी भिस्त बाटल्यांवर. नाहीतर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्या. त्यातलं व्हॉस नावाचं यीस्ट ३५ ते ४० अंशांत खुशाल काम करतं.

मेलबर्नकर:
सेन्सर चिकटवला, घडीसकट. आता हवा १४ला गेली तेव्हा कुठे बिअर १८ला आली! पण सेन्सरच चुकत असेल तर?

हॉप्या:
ग्लासभर बर्फाचा चुरा, तो बुडेल एवढंच पाणी, नीट ढवळा आणि सेन्सर मधोमध धरा. शून्य यायला हवं. जेवढा फरक दिसेल तेवढा कंट्रोलरच्या कॅलिब्रेशनमध्ये भरा. आणि शेवटी बिअर एकदम गार करणार असाल तर आधी एअरलॉकमधलं, म्हणजे झाकणावरच्या गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीतलं, पाणी काढा, नाहीतर ते आत ओढलं जाईल.