वावर गहाण टाकण्याआधी
भाऊ, तुमचा पुतण्या पुसदला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जर्मनीच्या एमएससाठी घरचे वावर गहाण टाकायला निघालेत, हे वाचून राहवलं नाही. आधी ते थांबवा. कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. मग माणूस सावकाराच्या दारात जातो. साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय देण्याची सोय आहे, ते बँकेत ठामपणे विचारा.

बाडेन-वुर्टेम्बर्गसारखे (तिथे सत्राला १५०० युरो) राज्यांचे अपवाद सोडले तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाहीच! खर्च राहण्या-खाण्याचा, वर्षभराची ती रक्कम व्हिसाआधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावी लागते. इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्रही लागतं, पण त्याचा अर्ज पोरगा स्वतः भरू शकतो, एजंट कशाला?

यंदाच्या सुट्टीत त्याला नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात इंटर्नशिपला पाठवा. आणि गुणपत्रिकांवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतं का, हे याच आठवड्यात बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, एवढ्यावरून आपल्याकडच्या पोरांचे महिने जातात.