प्रतिसाद : सर्जन क्रॉफर्ड

अमेरिकी यादवी युद्धात डॉक्टर असून घोडदळाचा अधिकारी झालेला कुणी होता का, या प्रश्नावर वर लेनर्ड वूडचं नाव आलंय. डॉक्टर असून १८९८ मध्ये क्युबात 'रफ रायडर्स' घोडदळाचा कर्नल झाला, हे खरंच, पण ते स्पेनविरुद्धचं युद्ध. अमेरिकी यादवी युद्धातलाच माणूस हवा असेल तर सॅम्युअल क्रॉफर्ड घ्या. घोडदळाचा नाही, पायदळाचा; पण किस्सा जास्त रंगतदार.

१८५१ पासून लष्करात असिस्टंट सर्जन. एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांनी फोर्ट समटर या किल्ल्यावर तोफांचा मारा सुरू केला (यादवी युद्धाची सुरुवात हीच) तेव्हा हा तिथेच. अधिकारी मोजकेच, म्हणून तोफा चालवणाऱ्या तीन तुकड्यांपैकी एक चक्क डॉक्टरच्या हाती दिली! त्या माऱ्यात किल्ल्यातलं कुणीच दगावलं नाही, म्हणजे सर्जनला तसंही फारसं काम नव्हतं.

महिन्याभरात साहेब पायदळात मेजर झाले, पुढच्या वर्षी ब्रिगेडियर जनरल. अँटिएटमच्या लढाईत मांडीत गोळी लागली. गेटिसबर्गच्या लढाईत २ जुलै १८६३ रोजी त्यांनी घोड्यावरूनच पलटणीचा झेंडा हिसकावून चढाई केली. झेंडेवाला कॉर्पोरल मात्र झेंडा सोडायला तयार नव्हता. तो म्हणे जनरलसाहेबांची विजार धरून घोड्याच्या बाजूने पळत राहिला.

१८७३ साली त्याच मांडीच्या जखमेपायी निवृत्ती घ्यावी लागली.