मदत हवी आहे: दोन्ही बाजूंनी वाचायची डिस्क एकाच शॉटमध्ये का काढत नाहीत?

अर्धा_इंजिनियर

नमस्कार मंडळी,

पॉलिमर इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय पातळ भिंतीचं प्रिसिजन इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक दाबाने साच्यात भरून वस्तू काढणं), आणि उदाहरण म्हणून मी डीव्हीडी-१० घेतली आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना डेटा असलेली, प्रत्येक बाजूला ४.७ जीबी, मिळून ९.४. सिनेमा अर्ध्यावर आला की उठून उलटी करायला लागायची, तीच.

पुस्तकात प्रक्रिया सरळ दिली आहे: ०.६ मिमी जाडीच्या दोन चकत्या वेगवेगळ्या मोल्ड करा, दोन्हींवर ॲल्युमिनियमचा थर द्या, पाठीला पाठ लावून चिकटवा. पण रिव्ह्यूमध्ये सरांनी विचारलं, "मोल्डच्या दोन्ही अर्ध्यांत एकेक स्टॅम्पर, म्हणजे डेटाचा ठसा उमटवणारा धातूचा पत्रा, बसवला, १.२ मिमीची एकच चकती काढली, तर चिकटवायची कटकटच संपली. मग लोक असं का करत नाहीत?" मी मोल्ड रिलीजबद्दल, म्हणजे चकती साच्यातून सुटण्याबद्दल, काहीतरी बोललो. सरांचं समाधान झालं नाही, माझंही झालं नाही.

एकूण अडचणी अशा:

पहिली, हीच. एका शॉटमध्ये का नाही?

दुसरी, सिम्युलेशन. पॉलिकार्बोनेट, मेल्ट ३०० अंश, मोल्ड ८० अंश दिलं तर ०.६ मिमीच्या चकतीत माल काठापर्यंत पोचतच नाही. प्रेशर वाढवलं तर आतल्या भागात ताण इतका दिसतो की बायरेफ्रिंजन्स (ताणामुळे प्रकाश प्लास्टिकमधून दोन वेगवेगळ्या वेगांनी जाण्याचा दोष) हाताबाहेर जातो.

तिसरी, चिकटवणं. दोन्ही बाजूंना धातूचा आरसा असेल तर मधल्या चिकटवायच्या रेझिनपर्यंत ते घट्ट करणारा यूव्ही प्रकाश पोचणार कसा?

कारखान्यात प्रत्यक्ष काम केलेलं कोणी असेल तर फार बरं होईल.

जुनाट_कॅसेट

ही डिस्क अजून कोणी बनवतं का रे बाबा? आमच्या लायब्ररीत असली एक आली होती. वर चित्र नाही, काही नाही, दोन्हीकडून आरसा. बाजू अ कुठली ते कळायला भोकाभोवतीच्या रिंगवरचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ धरून वाचायचं. गिऱ्हाईक हमखास उलटी घालायचं आणि "सिनेमा मधूनच सुरू होतो" म्हणून परत आणायचं.

अर्धा_इंजिनियर

काका, आज खप नाही हे मान्य. पण डेटाचे ०.१ मायक्रॉन खोलीचे खड्डे तीन-चार सेकंदांच्या सायकलमध्ये उमटवायचे, यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

तिरपा_किरण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोल्डमध्ये शोधू नकोस, ते प्रकाशात आहे. मी ऑप्टिक्सवाली, मोल्डिंगमधलं फारसं कळत नाही, तेव्हा माझ्या बाजूचं तेवढं सांगते.

सीडी आणि डीव्हीडी, दोन्हींत लेसर प्लास्टिकच्या आरपार जाऊन पलीकडच्या पृष्ठभागावरचे खड्डे वाचतो. धूळ आणि ओरखडे अलीकडच्या पृष्ठभागावर, फोकसपासून दूर राहतात, म्हणून डिस्क हाताळणी सहन करते. आता तुझ्या सरांची चकती घे. वरच्या अंगाला खड्डे, खालच्या अंगाला खड्डे. वरचे वाचायचे तर प्रकाश खालून शिरायला हवा. पण खालचे खड्डे वाचता यावेत म्हणून तिथे तू आरसा चढवला आहेस. ज्या दारातून आत जायचं तेच भिंत घालून बुजवलं.

अर्धपारदर्शक थर दिला तर, असं सर विचारतील. मग प्रकाशाला तो थर जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडावा लागतो, परावर्तन घसरतं. शिवाय त्या पृष्ठभागावर ०.७४ मायक्रॉन अंतराने ट्रॅक आहेत, म्हणजे ती विवर्तन जाळीच झाली. किरण आत शिरतानाच फाटणार.

आता ०.६ मिमी का, हेही त्याला जोडूनच. डिस्क जराशी तिरकी झाली की कोमा नावाची विकृती येते. ती प्लास्टिकची जाडी गुणिले एनएचा (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटतं त्याचं माप) घन भागिले तरंगलांबी या प्रमाणात वाढते. आकडे घालून बघ. सीडी: १.२ मिमी, एनए ०.४५, लेसर ७८० नॅनोमीटर. तरंगलांबी मायक्रॉनमध्ये धरली तर उत्तर सुमारे ०.१४. डीव्हीडीला एनए ०.६ आणि ६५० नॅनोमीटर, आणि जाडी १.२ च ठेवली तर ०.४०, जवळजवळ तिप्पट. जाडी निम्मी केली की ०.२०. ब्लू-रेमध्ये एनए ०.८५, ४०५ नॅनोमीटर, पण वरचं आवरण फक्त ०.१ मिमी, म्हणून पुन्हा ०.१५ वर, सीडीच्या शेजारी. माझ्या मते तुझ्या रिपोर्टमधलं सगळ्यात बोलकं कोष्टक हेच होईल.

१९९५ पर्यंत याच मुद्द्यावर दोन गट होते. सोनी-फिलिप्सची एमएमसीडी १.२ मिमीची एकच चकती होती, ३.७ जीबीची. तोशिबाच्या गटाची एसडी ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवून केलेली, एका बाजूला ५ जीबी. त्या वर्षी सप्टेंबरात तडजोड झाली आणि चकतीची रचना एसडीची राहिली. दुसरी बाजू म्हणजे त्या निर्णयातून फुकटात मिळालेली गोष्ट. तसंही दोन चकत्या लागणारच होत्या, मग दुसरी कोरी कशाला ठेवा?

ओव्हरटाइम_पाळी

ताईंनी प्रकाशाचं सांगितलं, मी घामाचं सांगतो. काही वर्षं ऑप्टिकल डिस्कच्या लाइनवर प्रोसेस बघायचो. कारखान्याचं नाव नको, तो आता बंद आहे.

तुझं सिम्युलेशन अडकतंय कारण तू बहुधा साध्या पॉलिकार्बोनेटचं डेटाशीट घातलं आहेस. हेल्मेटच्या किंवा स्विचच्या ग्रेडचा माल इथे चालत नाही. ऑप्टिकल डिस्कची वेगळी ग्रेड असते, रेणुभार मुद्दाम कमी, साधारण १५,००० च्या आसपास. एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा, ६० च्या वर. तापला की पाण्यासारखा धावतो. बदल्यात चिवटपणा जातो, पण डिस्कवर हातोडा कोण मारतंय?

स्प्रूपासून, म्हणजे मधोमध माल शिरतो त्या तोंडापासून, काठापर्यंत ६० मिमी, जाडी ०.६. म्हणजे प्रवाहाची लांबी जाडीच्या शंभरपट, सीडीत हीच पन्नासपट होती. म्हणून मेल्ट ३६० ते ३९० अंशांपर्यंत न्यावं लागतं. ऐकून दचकू नकोस, माल बॅरलमध्ये थोडाच वेळ असतो आणि आधी १२० अंशांवर चार तास वाळवलेला असतो. ओल ०.०२ टक्क्यांच्या वर राहिली की संपलं, चंदेरी रेघा आणि बुडबुडे. पावसाळ्यात ड्रायरच्या माणसाला आम्ही साहेबापेक्षा जास्त मान द्यायचो.

मोल्ड ८० नाही, १०० ते १२५ अंश. मोल्ड थंड असेल तर माल भिंतीला टेकताक्षणी कातडी धरते आणि खड्डे उमटायचे असतात ते नेमके त्या कातडीत. काही जण स्टॅम्परच्या मागे उष्णतारोधक थर देतात, तेवढाच पृष्ठभाग क्षणभर जास्त गरम राहतो. सिम्युलेशनमध्ये हे करून बघ, फरक दिसेल.

आणि साधं इंजेक्शन नाही, इंजेक्शन-कॉम्प्रेशन. मोल्ड मिलिमीटरच्या काही दशांशाइतका उघडा ठेवून माल सोडायचा, मग क्लॅम्पने दाबायचं. प्रेशर सगळीकडे सारखं पसरतं, आतल्या त्रिज्येवर ताण साचत नाही. बायरेफ्रिंजन्सची मर्यादा १०० नॅनोमीटर आहे, येताजाता मिळून. पॅकिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर मालावर ठेवायचा दाब) वाढवत बसलास तर ती पाळता येणार नाही. मशीन काही मोठं लागत नाही, ३५ ते ६० टनांचं पुरतं. शॉट जेमतेम ८ ग्रॅमचा. मधलं १५ मिमीचं भोक मोल्ड उघडायच्या आतच पंचने कापलं जातं.

आता चिकटवण्याचं. डीव्हीडी-५, म्हणजे एकाच बाजूला डेटा असलेल्या डिस्कमध्ये, एक चकती कोरी, तिच्यातून यूव्ही आरामात जातो. दोन्ही बाजूंना ५० नॅनोमीटर ॲल्युमिनियम असेल तर जेमतेम एखादा टक्का पलीकडे जातो. यावर तीन वाटा होत्या. एक, हॉट मेल्ट: रोलरने गरम चिकटा लावायचा आणि दाबायचं. सोपं, पण उन्हात उभ्या गाडीतल्या डॅशबोर्डवर तो मऊ पडायला बघतो. दुसरी, जोरदार झेनॉन फ्लॅश मारून त्या टक्क्यावरच भागवायचं. तिसरी मला जास्त आवडायची: कॅटायनिक रेझिन. दोन्ही चकत्यांना रेझिन लाव, उघड्यावरच यूव्ही दाखव, मग जोड. प्रकाश बंद झाल्यावरही ते आतल्या आत घट्ट होत राहतं.

अर्धा_इंजिनियर

ताई, काका, तुम्ही दोघांनी मिळून माझं सेमिस्टर वाचवलं. एक उपप्रश्न: प्रत्येक चकती थोडी बशीसारखी वाकतेच. दोन वाकड्या चकत्या जोडून सरळ डिस्क कशी होते?

ओव्हरटाइम_पाळी

मोल्डमधली स्टॅम्परची बाजू आणि समोरची गुळगुळीत बाजू वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, म्हणून प्रत्येक चकती डेटाच्या बाजूला किंवा उलट वाकते. पाठीला पाठ लावली की दोन वाक एकमेकांना खेचतात आणि बेरीज शून्याकडे जाते. अट एकच, दोन्ही वाक सारखे हवेत. म्हणून लाइनवर दोन मोल्डिंग मशीन शेजारी-शेजारी, सेटिंग जुळवलेली. डीव्हीडी-१० ला तर हे जास्तच सोयीचं, दोन्ही चकत्यांना स्टॅम्पर, दोन्हींना आरसा. डीव्हीडी-५ मध्ये कोरी चकती वेगळी वागायची आणि तीच डोकं खायची.

तिरपा_किरण

यात तापमान विसरू नकोस. जोडताना एक चकती दुसरीपेक्षा गरम असेल तर ती नंतर जास्त आकुंचन पावते आणि डिस्क तिच्याकडे वाकते, द्विधातू पट्टीसारखं गणित. पॉलिकार्बोनेटचं प्रसरण दर अंशाला दहा लाखांत ६५ ते ७० धरलं आणि फरक फक्त ३ अंशांचा घेतला, तरी काठाजवळ उतार साधारण ०.८ अंश निघतो. डीव्हीडीच्या मानकात त्रिज्येच्या दिशेने मर्यादाच ०.८ अंशांची आहे. ३ अंशांत सगळा कोटा संपला.

ओव्हरटाइम_पाळी

अगदी. म्हणून ॲल्युमिनियम चढवणाऱ्या मेटलायझरनंतर आणि चिकटवणाऱ्या बाँडरच्या आधी दोन्ही चकत्यांना थंड व्हायला एक टप्पा असायचा. नवीन माणसाला तो निव्वळ वेळ वाया घालवणारा वाटायचा.

भोसरीचा_डायमेकर

मी डिस्क कधी बनवली नाही, पण मोल्ड बनवतो, म्हणून सरांच्या कल्पनेची बाजू घेतो. दोन स्टॅम्परचा मोल्ड अशक्य नाही. निकेलचा स्टॅम्पर ०.३ मिमीचा, मध्ये रिंगने आणि बाहेरून व्हॅक्यूमने धरला जातो. दुसऱ्या अर्ध्यातही तसाच बसवता येईल. तिथे स्प्रू बुश असल्यामुळे मधला होल्डर जरा अवघड होईल, एवढंच. खरा त्रास सुटताना. आज एका बाजूला गुळगुळीत आरसा असतो, त्यामुळे चकती कुठल्या अर्ध्यावर राहणार ते हवेच्या फुंकरीने ठरवता येतं. दोन्हीकडे खड्डे असतील तर दोन्ही बाजू पकडणार, आणि आकुंचन पावताना खड्ड्यांच्या कडा घासल्या जाणार.

तेव्हा बाळा, रिलीजबद्दल तू जे बोललास ते काही बिनबुडाचं नव्हतं. ते दुसऱ्या क्रमांकाचं कारण आहे, पहिलं ताईंनी सांगितलेलं.

तिरपा_किरण

आणि सरांची कल्पना जिथे चालते ती जागाही रिपोर्टमध्ये टाक. लेसरला चकतीच्या आरपार जायचंच नसेल, डेटावर फक्त ०.१ मिमीचं आवरण असेल, तर मधली चकती अपारदर्शक असली तरी बिघडत नाही. दोन्ही अंगांना खोबणी, दोन्हींवर थर, दोन्हींवर पातळ आवरण. सोनी आणि पॅनासॉनिकने मार्च २०१४ मध्ये जाहीर केलेली आर्कायव्हल डिस्क दुबाजूच होती, प्रत्येक बाजूला तीन थर, मिळून ३०० जीबी, लेसर ४०५ नॅनोमीटरचा. अशा रचनेत प्रकाशाचा आक्षेप उरत नाही, उरतो तो डायमेकर दादांचा.

उलटं उदाहरण हवं असेल तर ड्युअलडिस्क बघ. एका बाजूला सीडी, दुसऱ्या बाजूला डीव्हीडी. सीडीच्या बाजूला १.२ मिमी हवी होती, पण तेवढी दिली तर डिस्क ड्राइव्हमध्ये मावेना. म्हणून ०.९ केली, एकूण १.५ झाली, आणि सीडीचं मानक पाळलं गेलं नाही ते नाहीच.

अर्धा_इंजिनियर

शेवटचं विचारतो. लॅबमध्ये ६० टनांचं जुनं मशीन आहे, साधं, कॉम्प्रेशन नाही, मोल्ड हीटर ९० अंशांच्या वर जात नाही. यावर निदान प्रात्यक्षिकापुरतं काही होईल का?

ओव्हरटाइम_पाळी

०.६ विसर. १.२ मिमीची साधी चकती कर, ऑप्टिकल ग्रेडचा माल कुठल्यातरी डीलरकडे एखादी गोणी मिळाली तर. स्टॅम्परच्या भानगडीत पडू नकोस, आरशासारखी पॉलिश केलेली दोन्ही अंगं पुरेत. निघालेली चकती दोन पोलराइझरमध्ये धरून फोटो काढ. ताणामुळे भोकाजवळ रंगीत पट्टे दाट दिसतील, काठाकडे विरळ. मग मोल्ड ६० आणि ९० अंशांवर, पॅकिंग कमी-जास्त करून तेच फोटो शेजारी लाव. मशीनवर जायच्या आदल्या रात्रीपासून ड्रायर चालू ठेव, आणि हॉपरचं झाकण उघडं टाकून चहाला जाऊ नकोस.

भोसरीचा_डायमेकर

पॉलिशिंगचा खर्च दणकून येतो, आधी सांगून ठेवतो. सपाट इन्सर्ट दोनच लागतील, ड्रॉइंग व्यनि करा, बघून सांगतो.