देवघरातल्या गणपतीवर ग्रीक अक्षरं?

जुनी_पेटी: पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इजिप्तला होते. त्यांनी आणलेलं एक जाड, काळपट नाणं आमच्या देवघरात आहे. एका बाजूला मुकुटवाला राजा, दुसऱ्या बाजूला सोंड असलेला चेहरा. आजी गणपती समजून कुंकू लावायची. वजन १२.९ ग्रॅम. सोनार म्हणाला, चांदी फार नाही, मोडीत काढा. काय असेल?

नाणेवेडा: मोडीत? खबरदार! चिंचही लावू नका, वरचा चांदीचा थर जातो. मुकुट किरणांचा असेल तर राजा बहुधा रोमन बादशहा नीरो. सोंडेचा चेहरा बाईचा, म्हणजे अलेक्झांड्रिया नगरी. हत्तीचं कातडं टोपीसारखं घातलंय. तिच्यासमोर इंग्रजी एलसारखी खूण दिसते? ती म्हणजे ‘वर्ष’. पुढची अक्षरं सांगा.

जुनी_पेटी: आय आणि बी.

नाणेवेडा: ग्रीकमध्ये अक्षरंच आकडे: आयोटा १०, बीटा २. नीरोचं बारावं वर्ष, इ.स. ६५-६६. चार द्राख्मांचं (ग्रीक चलन) नाणं. रोमनांनी इजिप्तचं चलन कुंपण घालून ठेवलं होतं: रोमचा दिनार आत चालत नसे आणि हे बाहेर. आपल्याकडे, दक्षिणेत, सापडतात ते ऑगस्टस-टायबेरियस या आधीच्या बादशहांचे दिनार, हे नव्हे. इजिप्तच्या बाजारात मात्र नीरोची नाणी शंभराहून जास्त वर्षं फिरली. पुढे कॉमोडस बादशहाच्या काळात नव्या नाण्यांतली चांदी घटली. मग कोण शहाणा जुनं नाणं खर्च करेल? मडक्यात भरून पुरलं गेलं.

सातारकर: पण पणजोबांच्या हाती कसं आलं?

नाणेवेडा: बहुधा विकतच. तिकडचे शेतकरी उजाड गावांची टेकाडं खणून माती खत म्हणून शेतात टाकत. सेबाख म्हणतात तिला. आपल्या पांढरीच्या मातीसारखीच. कुदळीला मडकं लागलं की नाणी दुकानात. कुठल्या घरातलं, सोबत काय होतं, सगळा पत्ता पुसला जातो. मला नाण्याच्या किमतीपेक्षा याची हळहळ जास्त. इजिप्तच्या फय्यूम भागातलं करानिस हे असंच उजाड गाव मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ खणलं, तिथली हजारो नाणी जागेसकट नोंदलीत. म्हणून तर असल्या मडक्यांबद्दल चार गोष्टी बोलता येतात.

जुनी_पेटी: आईला सांगितलं. म्हणते, नगरदेवता आहे ना, मग राहू दे देवघरात. कुंकू मात्र आता शेजारच्या सुपारीला.