सांधा लाकडातून नाही, चिकटीतून सुटला

लातूरकर:
घरच्या शेडमध्ये केआर-2 ची, म्हणजे घरी बांधायच्या छोट्या विमानाची, शेपटी करायलोय. आडव्या स्टॅबिलायझरचा (शेपटीच्या आडव्या पंखाचा) स्पार, म्हणजे आतला मुख्य दांडा, स्प्रूस लाकडाचा आहे; तो इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग कालवून करायच्या चिकटीनं, जोडला. त्याच मिश्रणानं उरलेले दोन तुकडेही चिकटवून ठेवले होते. काल ते वाइसमध्ये धरून हातोडीनं तोडले, तर सांधा अलगद सुटला. दोन्ही बाजू चकचकीत, लाकडाचा एक तंतूही उचकटला नाही. त्या दुपारी 41 अंश होतं, वाटी हाताला चटके देत होती. स्पार ठेवू का टाकू? दोन महिन्यांची मेहनत आहे, रात्री झोप येईना.

जालनेकर:
दादा, टाकाच. सांधा तोडला की लाकूड फाटलं पाहिजे, चिकट सुटायला नको. वाटीत ढीग साठला की इपॉक्सी स्वतःच तापतं, लवकर आळतं. पसरट ताटलीत थोडं थोडं कालवा, काम पहाटे उरका. क्लॅम्पही जास्त आवळू नका, सगळं बाहेर पिळून निघतं.

नांदेडकर:
जोडायच्या आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर मारा, बोथट रंध्यानं लाकूड गुळगुळीत होतं, मग चिकट धरत नाही. अन् वरून काचतंतूचं कापड चढवताना जास्तीचं रेझिन (इपॉक्सीच) पुसून काढा. शेपटीचं वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागं सरकतो.

लातूरकर:
आज स्पार कापला. आतले सांधेही तसेच निघाले. नवा शनिवारी, पहाटे.